डॉक्टरांवरची केस हमखास कशी हरावी

आधी निकाल, मग चौकशी. हा क्रम कधीही सोडू नका. पेशंट दगावला म्हणजे डॉक्टर चुकला, आणि वाचला म्हणजे देव पावला. या हिशोबात डॉक्टरच्या नावावर फक्त उधारीच चढत जाते, पण ते त्याचं तो बघेल.

कायद्याचं डोकं मात्र वेगळं चालतं. त्याला चार गोष्टी हव्या असतात. पेशंटची काळजी घेणं या डॉक्टरचं कर्तव्य होतं का, त्यात तो कमी पडला का, पेशंटचं नुकसान झालं का, आणि ते त्याच्या कमी पडण्यामुळेच झालं का. पहिली आणि तिसरी गोष्ट सहसा फुकटात सिद्ध होते. सगळी मारामारी दुसरीवर आणि चौथीवर. तुम्ही अर्थातच सगळा जोर तिसरीवर लावायचा. हार घातलेला फोटो तक्रारीला जोडा. ग्राहक आयोगाचे सदस्य हेलावतील आणि हेलावलेल्या आवाजातच विचारतील, ‘कुठल्या औषधामुळे?’

आता सुरुवातीपासून, म्हणजे अ‍ॅडमिट करण्यापासून. रात्री दीड वाजता काउंटरवरचा मुलगा दोरीला बांधलेलं बॉलपेन आणि पाच-सहा पानांचा छापील फॉर्म तुमच्यापुढे सरकवेल. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतील, तिथे तिथे सह्या करा. शेवटच्या पानावर ‘वरील सर्व मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला असून तो मला समजला आहे’ अशा अर्थाचं वाक्य असेल. ते इंग्रजीत असेल. तिथेही करा. ऑपरेशनचं नाव लिहायची जागा कोरी असेल तर चांगलंच, ते नंतर सवडीने भरतात. नातं विचारलं तर ‘आम्ही घरचेच’ म्हणा.

दिल्लीतल्या 44 वर्षांच्या एका बाईंनी फक्त दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. त्या गुंगीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, जिवावर बेतलेलं नव्हतं, तेव्हा आईची सही चालणार नाही. तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. भरपाई 25,000 रुपये, शिवाय डॉक्टरांची फी बुडाली. हे वाचून फॉर्म वाचायची सवय लागण्याचा धोका आहे, म्हणून पुढे चला.

कागद. केस जिंकणाऱ्यांचं सगळं कागदावर चालतं, तेव्हा हरायचं असेल तर कागदांचा बंदोबस्त आधी करा. बाहेरून आणलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या मेडिकलवाल्याकडेच सोडा. एक्स-रे खिडकीला लावा, सूर्यग्रहणाला कामी येतो. पूर्ण केस पेपर तर मागूच नका. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याही आधी, 1996 मध्ये, पेशंटचे कागद पेशंटपासून लपवता येत नाहीत असं बजावलं होतं. पण लेखी अर्ज करणं आणि पोच घेणं हे भांडकुदळ माणसाचं लक्षण. त्यापेक्षा चार वर्षांनी जा. रेकॉर्ड तीन वर्षंच ठेवण्याचं बंधन आहे, त्यामुळे तुम्हाला अत्यंत नम्रपणे सांगितलं जाईल की जुन्या फायली नष्ट केल्या. खोटंही नसेल ते.

(इस्पितळवाल्यांसाठी एक ओळ, कारण हरण्याचा हक्क त्यांनाही आहे. नोटीस आल्यावर नर्सिंग नोट्स नव्याने, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहून काढा. चोवीस तासांतलं ब्लड प्रेशर दर तासाला 120/80 दाखवा. पेशंट पहाटे चारला गेला असेल तरी पाचचंही लिहून ठेवा.)

पोस्टमॉर्टेमला नकार द्या. ‘आता कशाला फाडाफाडी’ हे वाक्य कोणीतरी काका म्हणतीलच, त्यांना साथ द्या. शवविच्छेदन नको असं तुम्हीच लिहून द्या. मृत्यू कशाने झाला हे सांगणारा तटस्थ कागद एकदा नाहीसा झाला की चौथ्या गोष्टीची कटकट मिटते. पुढे इस्पितळाचे वकील ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहिलेला दाखला दाखवतील. त्यावर तुम्ही काय बोलणार? हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते.

मग काचा फोडा. ही पायरी आपल्याकडे इतकी रुळली आहे की वेगळं शिकवायला नको. रिसेप्शनची काच, मॉनिटर, जमलं तर निवासी डॉक्टर, ज्याचा बहुतेक वेळा या केसशी काही संबंध नसतो आणि जो छत्तीस तास झोपलेला नसतो. महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी वेगळा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड, आणि मोडलेल्या सामानाच्या दुप्पट भरपाई. म्हणजे सकाळी तुम्ही फिर्यादी होतात, संध्याकाळी आरोपी. आणि ज्या फायलीवर केस उभी राहिली असती तीच गडबडीत ‘गहाळ’ झाली, असं लिहायला इस्पितळ मोकळं.

लगोलग पोलीस स्टेशन गाठा आणि ‘मर्डरची केस घ्या’ म्हणा. फौजदारीचं माप दिवाणीपेक्षा फार मोठं असतं, हे कळून घेऊ नका. लुधियानाच्या एका इस्पितळात 1995 मध्ये श्वास लागलेल्या पेशंटला ऑक्सिजन लावायला गेले तर सिलिंडर रिकामा निघाला. दुसरा आणेपर्यंत पेशंट गेला. यापेक्षा ढळढळीत काय असेल? तरी 2005 साली, जेकब मॅथ्यू खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्या डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला. सिलिंडर नव्हता याबद्दल इस्पितळ दिवाणी दाव्यात कदाचित सापडेलही, पण डॉक्टरला गुन्हेगार ठरवायचं तर निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य दर्जाचा हवा, असं ठरलं. पोलिसांनी आधी त्या विषयातल्या स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं आणि उठसूट अटक करू नये, हेही त्यातच आलं. आता भारतीय न्याय संहितेचं 106 वं कलम लागतं. बाकीच्यांच्या निष्काळजीपणाला पाच वर्षांपर्यंत, नोंदणीकृत डॉक्टरच्या उपचारातल्या निष्काळजीपणाला दोन वर्षांपर्यंत. तुम्ही मात्र ‘मर्डर’च म्हणत राहा, आणि दिवाणीची मुदत हळूच निघून जाऊ द्या. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षं मिळतात. वर्षश्राद्ध होऊ दे, मग धाकटीचं लग्न उरकू दे, मग बघू.

तज्ज्ञाचं मत घ्यायच्या भानगडीत पडू नका, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. 1957 च्या बोलम खटल्यापासून इंग्लंडमध्ये, आणि त्यांच्या पाठोपाठ आपल्याकडे, मोजपट्टी अशी आहे की त्या शाखेतल्या जाणत्या डॉक्टरांच्या एका गटाला तशी पद्धत मान्य असेल तर डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, मग दुसऱ्या गटाला ती पटो न पटो. बोलम या पेशंटला विजेचे झटके देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं नव्हतं, हाडं मोडली, तरी तो हरला. तेव्हा तुम्हाला त्याच शाखेतला डॉक्टर हवा, जो म्हणेल की असं कोणीच जाणता माणूस करत नाही. असा डॉक्टर लेखी द्यायला सहसा तयार होत नाही. संध्याकाळी क्लबात त्याच मंडळींबरोबर बसायचं असतं, त्याचाही नाइलाज समजून घ्या. तुम्ही मोबाईलवर आलेला ‘या दहा औषधांपासून सावध’ हा मेसेज प्रिंट काढून जोडा. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरळ प्रकरणात प्रत्येक वेळी तज्ज्ञ लागतोच असं नाही म्हटलंय, त्याचा अर्थ तुमचं प्रकरण सरळ आहे असाच घ्या.

डॉक्टरांच्या पाटीखालच्या डिग्र्याही वाचू नका. मुंबईत एका होमिओपॅथने तापाच्या पेशंटला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि पेशंट गेला. 1996 साली न्यायालय म्हणालं की ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यातलं औषध देणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा कशाला? तीन लाख भरपाई. पाटी वाचली असती तर डॉक्टरकडे जायची आणि केस करायची, दोन्ही वेळा वाचली असती; पण मग हरायला काय उरलं?

काही लोक मात्र एवढं सगळं असूनही जिंकतात. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरने फळ्या बांधल्या, मग स्प्लिंट मिळवले, रात्री एकला टॅक्सीत आडवा करून दोनशे मैलांवर पुण्याला आणला. सकाळी साडेअकराला पोहोचले. दुपारी पुण्याच्या डॉक्टरांनी पुरती भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने पाय जोराने ओढून प्लास्टर घातलं, आणि रात्री नऊला मुलगा गेला. डॉक्टरांचं म्हणणं, चरबीची गुठळी. न्यायालयाने धरलं, वेदनेचा धक्का. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा खटला वकिलीचे विद्यार्थी अजून पाठ करतात: केस घ्यायची का, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरवर काळजीचं कर्तव्य आहे, हे त्यातलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1968 मध्ये लागला. रक्कम 3,000 रुपये.

आणि दुसरी केस तेव्हाच्या औरंगाबादची. 1963 च्या जुलैमध्ये सरकारी इस्पितळात बाळंतीण झालेल्या बाईंची नसबंदी केली. पोट फुगलं, ताप उतरेना, पुन्हा उघडलं तर आत टॉवेल. काही दिवसांत त्या गेल्या. अशा ठिकाणी कायदा म्हणतो की गोष्ट स्वतःच बोलते, टॉवेल आपोआप पोटात जात नाही. तरीही खालच्या कोर्टाने दिलेले 36,000 रुपये उच्च न्यायालयाने उडवले आणि सर्वोच्च न्यायालयाने परत दिले, तोवर 1996 उजाडलं. तेहेतीस वर्षं. टॉवेल इतका बोलका असताना. तुमच्या पेशंटच्या पोटात तर काहीच सापडलेलं नाही, तेव्हा निर्धास्त असा.

इतकं करूनही चुकून जिंकलात, तर रकमेत हरायची सोय आहे. मेलेल्या माणसाची किंमत तो किती कमवत होता यावर ठरते. कोलकात्यात 1998 मध्ये स्टेरॉईडच्या अतिरेकाची शिकार झालेल्या अमेरिकास्थित बाईंच्या केसमध्ये 2013 साली सुमारे सहा कोटी मिळाले. नवरा स्वतः डॉक्टर, त्यात परदेशातल्या कमाईचे कागद हातात, तरी पंधरा वर्षं लागली. तुम्हाला विचारतील, ‘उत्पन्न किती होतं?’ ‘बरं चाललेलं होतं,’ असं सांगा. इन्कम टॅक्स रिटर्न विचारलं तर शेती म्हणा. सातबारा मागितला तर तो चुलत्याच्या नावावर आहे म्हणा. आणि बाई असतील, घरच्याच असतील, तर उत्पन्नाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने शून्य लिहा.