'मगदला १८६८' ला मिळालेल्या एका स्टारवर आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या 'मगदला १८६८' ह्या बोर्ड गेमचा, म्हणजे ब्रिटिशांच्या अ‍ॅबिसिनियावरच्या (आजचा इथिओपिया) मोहिमेच्या गेमचा, तुमचा रिव्ह्यू वाचला. शनिवारची रात्र वाया गेली, मित्रांसमोर पचका झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. आमचा धंदा छोटा आहे, डिझाइन मी करतो, पॅकिंग आणि हिशोब बायको बघते, आणि एका स्टारने रेटिंग किती खाली येतं ते सगळ्यांना दिसतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. जे लोक गेम घ्यायचा की नाही ठरवतायत त्यांनीही वाचावं.

तुम्ही लिहिलंय, "मुंबईच्या फौजेचा पराक्रम बघायला मिळेल म्हणून घेतला, तीन तास खेचरं मोजली. दोन टर्नमध्ये निम्मी खेचरं तहानेने मेली, गेमच बिघडलेला आहे. लढाई पंधरा मिनिटांत खल्लास. ब्रिटिश हरूच शकत नाहीत. लूट केली तर उलट पॉइंट कापतात. ४४ हत्ती अशी जाहिरात आणि डब्यात चार. किंमत अवाच्या सवा. सपोर्ट शून्य."

हत्तींचं आधी संपवतो. एक काउंटर (पुठ्ठ्याची सोंगटी) म्हणजे ११ हत्ती, चार काउंटरचे झाले ४४, आणि मुंबईहून खरंच ४४च गेले होते, आर्मस्ट्राँग तोफा आणि मॉर्टर (आखूड नळीच्या उखळी तोफा) वाहायला. काउंटरच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय. किंमतीबद्दल काय बोलणार, जाड पुठ्ठा आणि डाय कटिंगचे आजचे भाव एकदा कुठल्याही प्रेसमध्ये विचारून बघा.

आता खेचरं. हे मात्र मला लागलंय, खोटं कशाला बोलू. गेम बिघडलेला नाही सर. तुम्ही पहिल्या टर्नला झुलाच्या किनाऱ्यावर सगळी खेचरं उतरवलीत आणि कंडेन्सरची जहाजं मागे ठेवलीत. झुला म्हणजे तांबड्या समुद्रावरचं अ‍ॅनस्ली बेचं बंदर, तिथे गोड्या पाण्याची बोंब, जहाजांवर समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करून प्यायचं पाणी बनवायला लागायचं. ऑक्टोबर १८६७ मध्ये पहिली तुकडी उतरली तेव्हा प्रत्यक्षात हाच घोळ झाला होता, इजिप्त, तुर्कस्तान कुठून कुठून विकत घेतलेली खेचरं आधी येऊन पडली, हाकणारी माणसं पुरेशी नाहीत, बांधायला धड दोरखंड नाहीत, जनावरं पाण्यासाठी मोकाट भटकत शेकड्यांनी मेली, वर रोगाची साथ आली ती वेगळीच. म्हणजे जे १८६७ मध्ये झालं तेच तुमच्या टेबलावर झालं, आणि ते तसंच व्हावं म्हणून तर मी तो नियम घातलाय! रूलबुकच्या पान ९ वर चौकटीत दिलंय, आधी पाणी, मग माणसं, मग जनावरं.

आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं असंही नाही. सपोर्ट शून्य लिहिलंत म्हणून सांगतोय, नाहीतर काढणार नव्हतो. रात्री साडेअकराला तुमचा फोन आला. आमच्याकडे पोरं झोपली होती, मी गॅलरीत जाऊन बोललो, पान ९ सांगितलं, आधी कंडेन्सर उतरवा म्हटलं. त्यावर तुम्ही "ते बघू हो नंतर, आधी फौज तर उतरवतो" म्हणालात, मागे कोणीतरी हसलं आणि फोन कट. मीच उलट मेसेज केला, झालं का म्हणून. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही, आला तो डायरेक्ट एक स्टार. आमचं काही कॉल सेंटर नाहीये सर, मोबाइल नंबर डब्यावर आहे तो माझा स्वतःचा आहे.

पराक्रमाबद्दल. ही मोहीम मुंबईहून निघाली, सेनापती रॉबर्ट नेपियर मुंबई आर्मीचा कमांडर-इन-चीफ, साधारण १३ हजार सैनिक आणि त्यांच्या दुप्पट नोकर-चाकर, हमाल, खेचरवाले. चाळीस हजारांवर जनावरं. काम काय, तर अ‍ॅबिसिनियाचा सम्राट टेवोड्रॉस, त्याने कैदेत टाकलेला ब्रिटिश सरकारचा तिथला प्रतिनिधी (कॉन्सल) कॅमेरॉन, त्याला सोडवायला पाठवलेला आणि मग स्वतःच अडकलेला हॉर्मुझ्द रसाम, आणि बाकीचे युरोपियन सोडवून आणायचे. व्हिक्टोरिया राणीला टेवोड्रॉसने १८६२ मध्ये पत्र लिहिलं होतं त्याला लंडनहून उत्तरच गेलं नाही, भांडणाचं मूळ तिथे. तर ही माणसं किनाऱ्यापासून जवळपास ६४० किलोमीटर आत, डोंगर चढून, मगदलाच्या किल्ल्यापर्यंत न्यायची, खायला प्यायला घालून, तोफांसकट. सुरू नावाच्या खिंडीतून सॅपर्स आणि पायोनियर्सनी (रस्ते-पूल बांधणारे सैनिक) रस्ता फोडला, झुलापासून कुमायलीकडे रेल्वे टाकली, तिचे रूळ इथून नेलेले. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सना 'अ‍ॅबिसिनिया' हा बॅटल ऑनर (मोहिमेतल्या कामगिरीचा मान) आहे तो ह्याच मोहिमेचा. तुम्हाला पराक्रम बघायचा होता ना, तो हा आहे, रस्ता आणि पाणी. मी तो खेचरांच्या काउंटरमधून दाखवलाय, तुम्हाला बोअर झाला, ठीक आहे, पण गेमचा सगळा जीव तिथे आहे आणि जाहिरातीतही मी "वाहतुकीचा गेम" असंच लिहिलंय.

लढाई पंधरा मिनिटांत संपते, बरोबर. मगदलाजवळची अरोगेची लढाई १० एप्रिल १८६८ ला दुपारी सुरू झाली आणि अंधाराच्या आत संपली. टेवोड्रॉसचे लोक डोंगरावरून धावत खाली आले, हातात जुन्या बंदुका आणि भाले, समोर मागून भरायच्या नव्या स्नायडर रायफली. त्याचा सरदार गेब्रिये पडला, साधारण ७०० माणसं मेली, आणि ब्रिटिशांकडे २० जखमी, त्यातले दोघे नंतर गेले. बस्स. १३ तारखेला किल्ला पडला आणि टेवोड्रॉसने स्वतःवर पिस्तूल चालवलं, ते पिस्तूलही राणीनेच भेट दिलेलं. आता ह्याचा मी दोन तासांचा थरार कुठून आणू? फासे वाढवून दोन्ही बाजू समसमान करणं मला पाच मिनिटांचं काम आहे, पण मग ते अरोगे राहत नाही, नुसती मारामारी होते.

ब्रिटिश हरू शकत नाहीत हे मात्र चूक आहे, साफ चूक. लढाईत हरत नाहीत, गेममध्ये हरतात. पावसाच्या आत परत किनाऱ्यावर पोचायचंय, आणि खर्चाची पट्टी आहे ती बघितलीत का? पार्लमेंटने सुरुवातीला २० लाख पौंड मंजूर केले, शेवटी बिल गेलं ९० लाखांच्या आसपास. त्यात हिंदुस्थानी सैन्याचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून, त्यावर दादाभाई नौरोजींनी तेव्हा लंडनमध्ये आवाज उठवला होता, त्यांचं कार्ड टेवोड्रॉसच्या हातात असतं, योग्य टर्नला टाकलं तर नेपियरचं कंबरडं मोडतं. तिग्रे प्रांताचा सरदार कासाई आहे, पुढे जो सम्राट योहान्नेस चौथा झाला, त्याला राजी ठेवलं नाही तर धान्य बंद, आणि धान्य विकत घ्यायचं तर मारिया थेरेसा थालर हेच नाणं चालतं. आणि टेवोड्रॉसकडे सेबास्टोपोल आहे, जवळपास सात टनांची तोफ, ती देब्रे ताबोरहून मगदलाला ओढत न्यायची, रस्ता स्वतः बांधत. तो खरंच नेपियरच्या आधी पोचला होता. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच झटापट चाललीय, वजन डोंगरावर चढवायची, आणि हे जमलं तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं होतं. रिव्ह्यूसोबतच्या तुमच्या फोटोत सेबास्टोपोल नकाशाच्या पहिल्याच हेक्सवर (षटकोनी घरात) दिसतेय, म्हणजे टेवोड्रॉसवाल्या मित्राने ती हलवलीच नाही. मग ब्रिटिश कसे हरणार?

लुटीचे पॉइंट कापतो, कापतच राहणार. मगदलाची हस्तलिखितं, क्रॉस, मुकुट वाहायला १५ हत्ती आणि २०० च्या आसपास खेचरं लागली, कैदी सोडवायला गेले होते ना हे लोक? टेवोड्रॉसचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू, त्यालाही इंग्लंडला नेलं, तिथेच १८७९ मध्ये वारला. एका टेस्टरने सुचवलं होतं की राजपुत्राचं काउंटर करा, पकडला की पाच पॉइंट. नाही केलं. ह्यात बदल होणार नाही, त्यासाठी अजून एक स्टार कमी केलात तरी चालेल, तसाही आता उरलेला नाही.

बाकी सूचना नोंदवून घेतल्यात. पान ९ ची चौकट पुढच्या छपाईत मोठी करायचं बघतो, छोट्या सिनॅरिओचाही विचार चालू आहे, थेट मगदलाजवळची बाशिलो नदी ओलांडण्यापासून, ज्यांना खेचरं नकोत त्यांच्यासाठी. कधी ते आत्ता सांगत नाही, आधीच्या छपाईचे पैसे अजून फिटायचेत.

डबा परत करायचा असेल तर करा, पैसे देऊ, कुरियर तुमच्याकडून. फक्त काउंटर मोजून पाठवा, फोटोत मला थालरची एक थप्पी कमी दिसतेय. आणि परत खेळणार असाल तर फोन करा, रात्री दहाच्या आत.