पावती क्रमांक १

सकाळी साडेआठला शाळेच्या ग्रुपवर माझ्या शॉर्टफिल्मसाठी पैसे गोळा करायचा क्यूआर कोड टाकला. पाऊण तासानं पहिलं उत्तर आलं, 'आता भीक मागायलाही क्यूआर आला का?' खाली हसून लोळणाऱ्या तीन इमोजी. त्यावर ११ जणांचे अंगठे. त्या ११ जणांतल्या चौघांच्या लग्नाचे व्हिडिओ मी फुकटात एडिट करून दिलेत, हे आपलं जाता जाता.

तेव्हापासून डोकं सणकलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

फिल्म १४ मिनिटांची, मुक्कामाच्या एसटीवर. रात्री गावात येणारी, पहाटे सुटणारी, आणि मधल्या वेळात ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत पथारी टाकतात ती गाडी. शूटिंग तीन रात्रींचं. दोन झाल्या. तिसरी पैशापायी फेब्रुवारीपासून लटकलीय.

या फिल्मला पहिले पैसे दिले ते आमच्या गल्लीतल्या रिटायर कंडक्टर काकांनी. मी गेले होते नुसतं विचारायला, की मुक्कामाला गेल्यावर पैशाची बॅग कुठं ठेवायचा. (उशाखाली. आणि पट्टा मनगटाला गुंडाळून.) निघताना त्यांनी कोनाड्यातून १०१ रुपये काढून हातावर ठेवले आणि म्हणाले, "पावती?"

मला वाटलं चेष्टा करतायत.

"पोरी, पावतीबिगर पैसं घ्यायचं न्हाईत. आमच्यात घरी बसवत्यात."

वहीचं पान फाडलं, रक्कम लिहिली, सही केली. "नंबर घाल," म्हणाले. १ घातला. त्यांनी त्या कागदाची घडी घालून जुन्या पासाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, फोटोच्या मागं सरकवली.

आता मला सांगा, ही भीक आहे?

गणपतीच्या वर्गणीला तालमीची पोरं दारात येतात तेव्हा पावतीवर आकडा आधीच लिहिलेला असतो. आपण निमूट देतो. मग नऊ-दहा दिवस त्याच पैशाच्या डॉल्बीसमोर कानात बोळे घालून बसतो. यातून परतावा काय, असं तिथं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. फिल्म म्हटली की मात्र आपल्यातला प्रत्येक जण सीए होतो. "पैसे परत कसे येणार?" नाही येणार, बाबांनो. शॉर्टफिल्मला तिकीटबारी नसते. महोत्सवात पाठवायची तर बहुतेक ठिकाणी वर प्रवेश फी आपणच भरायची, तीही बऱ्याचदा डॉलरमध्ये. हे मी पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं. वाचतंय कोण!

आणि हे कोल्हापुरात ऐकून घ्यायचं! इथल्याच बाबूराव पेंटरांच्या, मूकपट काढणाऱ्या महाराष्ट्र फिल्म कंपनीमागं पैसा उभा केला तो तानीबाई कागलकरांनी, एका गाणाऱ्या बाईनं. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडन गाठलं, परत येऊन वाटाण्याला कोंब फुटतानाची फिल्म काढली आणि ती दाखवून कर्ज मिळवलं. घरच्या बाईचे दागिने गेले ते वेगळेच. हे सगळं आपण भाषणात टाळ्या घेत सांगतो. १९७६ च्या 'मंथन'ला तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले. दहा लाखांत सिनेमा झाला, आणि निर्माते म्हणून पडद्यावर त्या शेतकऱ्यांचंच नाव आहे. परवा २०२४ ला तो फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात पुन्हा दाखवला. त्यांना कुणी भिकारी म्हणालं नाही.

"मित्रांना घेऊन फुकटात कर की" हा दुसरा लाडका सल्ला. मी आणि माझे नट फुकटातच काम करतोय, ती आमची खाज. पण लाईट उचलणारा पोरगा रात्रभर जागतो आणि सकाळी त्याला घरी दूध न्यायचं असतं. त्याला मी "नाव येईल तुझं" म्हणून सांगू? त्याचं नाव वाचायला कोण थांबतं शेवटपर्यंत?

एक बिल्डर मात्र पूर्ण एक लाख द्यायला तयार होता. अट एवढीच, की भाच्याला कंडक्टर करायचं आणि गाडी त्याच्या नव्या साइटसमोरून जायला हवी. मुक्कामाची गाडी. फ्लॅटच्या जाहिरातीसमोरून. भाचा जिममध्ये जातो, शर्टाचं वरचं बटण त्याला लागतच नाही. नको म्हणून आले. तिसरी रात्र अडकलीय ती त्या लाखापायीच, तरी नको.

मान्य, आमच्यातल्याच काहींनी असे पैसे गोळा केले आणि पुढं ना फिल्म दिसली ना माणूस. त्यांच्यामुळं लोक बिचकतात. ठीक आहे.

एवढं लिहून दुपारी काकांकडं गेले होते, रडगाणं गायला. त्यांनी ग्रुपवरचा मेसेज मला दोनदा वाचायला लावला. मला वाटलं आता त्या पोराचा उद्धार होणार. तर विचारलं काय?

"वेबिल भरलंस?"

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. वेबिल म्हणजे कंडक्टरचा हिशोबाचा कागद. काकांच्या काळात कुठून कुठं, किती नंबरपासून किती नंबरपर्यंत तिकिटं गेली, ते वाटेत भरत जायचं. मध्येच चेकिंग आलं की बॅगेतली रोकड आणि कागद जुळायला पाहिजे. पहिल्या दिवशीच त्यांनी मला बजावलं होतं, पैसे कमी पडले तर खिशातून भरता येतात, जास्त निघाले की खरी पंचाईत, ते आले कुठून ते सांगता येत नाही.

मी नव्हतं भरलं. चार महिने. २१२ लोकांनी पैसे दिले, त्यांना शूटिंगचे फोटो टाकले, ड्रोनमधून घेतलेली घाटाची क्लिप टाकली, आणि हिशोब? तो माझ्या फोनच्या नोट्समध्ये, अर्धवट. पहिल्या वीसेकांनंतर पावत्याही नाहीत.

"मग त्या पोरावर कशाला तापतीस?" काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

राग आला मला. त्यांचाही. 'भीक' शब्द मी अजून गिळलेला नाही, गिळणारही नाही. पण तिथंच बसून पान आखलं.

जमा १,६३,४००. खर्च: कॅमेरा आणि लेन्स २८,०००, लाईट-जनरेटर माणसांसह ३१,५००, साउंड १६,०००, बसचं भाडं २७,४००, जेवण-चहा १८,२५०, डिझेल आणि गाड्या १२,३००, दोन हार्ड डिस्क ८,२००. एकूण १,४१,६५०. शिल्लक २१,७५०. तिसऱ्या रात्रीला ५५,००० लागणार, म्हणजे कमी पडतात ३३,२५०.

काकांनी बोट ठेवून एकेक ओळ तपासली. जेवण-चहापाशी थांबले.

"अठरा हजार?"

"बावीस माणसं, काका. दोन रात्री. रात्रीचं जेवण, पहाटेचे पोहे, चहा तर मोजलाच नाही."

"चहा मोजायचा," म्हणाले आणि पुढं सरकले.

येताना महाद्वार रोडवरून पावतीपुस्तकं घेतली. राहिलेल्या सगळ्यांना पावत्या आज रात्री लिहून फोटो पाठवते. हे वेबिल शाळेच्या ग्रुपवरही टाकलंय, अजून कुणी काही बोललेलं नाही. क्यूआर कोड खाली कमेंटमध्ये आहे.

पुढची पावती २१३.