शुक्रानं बांध कोरला

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या कट्ट्यावर तर्री-पोह्याची दुसरी प्लेट यायच्या आत गजूनं मोबाइल पुढे केला. काळोखात डुलणारे हिरवे त्रिकोण. “उडत्या तबकड्या नाही म्हनता ना? अमेरिकन नेव्हीचा व्हिडिओ हाय. आता बोला!”

गजूला पुरावा लागत नाही, आवाज लागतो. तो त्याच्याकडे मुबलक.

मोजणीसाहेबांनी (जन्म गेला जमिनी मोजण्यात, खरं नाव कोणी घेत नाही) चष्मा कपाळावर ढकलला. “२०१९चा हाय तो. रात्रीच्या दुर्बिणीले एसएलआर कॅमेरा लावला. फोकस हुकला का दिवा भिंगाच्या छिद्राचा आकार घेते. त्रिकोण कॅमेऱ्याच्या पोटात हाय, आभाळात नाही. मे २०२२ मध्ये पेंटागॉनवाल्यानंच त्यांच्या संसदेत कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.”

“दाबून राहिले ते! ब्लू बुकमध्ये, त्यांच्या हवाई दलाच्या तबकड्यांच्या फायलीत, ७०१ केसेस सुटल्याच नाहीत.”

“१२,६१८ पैकी. अन् तुह्या वावराची फाईल वीस वर्षं सुटली नाही, म्हणून वावर मंगळावर गेलं काय बे?”

“लाडबोरीचं विसरला काय?” संजूनं खपली काढली. २०२२च्या गुढीपाडव्याला हाच गजू ‘क्षेपणास्त्र, क्षेपणास्त्र’ ओरडत गच्चीवरून उतरला होता. निघालं चिनी रॉकेटचं भंगार. उल्का दोन-चार सेकंदांत विझते. ते मिनिटभर रांगत, तुकडे होत गेलं, तेव्हाच कळायला हवं होतं.

बंटीचा भाऊ फौजेत. तो एवढ्यावर तापला. “हसा तुम्ही. लडाखात जवान रात्रभर थंडीत उभे होते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३, आभाळातल्या अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी. १५५ वेळा त्या दिव्यांनी सीमा ओलांडली.”

“जवानाले कोन हसून राहिलं? नोंद केली, बरोबर केलं. पन पाय, पँगाँगजवळ उभा राहिला का चीन पूर्वेले. तिकडे उगवते, इकडे मावळते. आता सांग, रोज रात्री सीमा ओलांडनारा कोन?”

बंटी गप्प.

“एक दिवा संध्याकाळी सहाले वर, पहाटे पाचपर्यंत. गुरू. त्या डिसेंबरात तो सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूले होता. दुसरा पहाटे चारपासून अकरापर्यंत. शुक्र. विरळ हवेत दिवसाही दिसते तो. बेंगळुरूच्या खगोलवाल्यांनी वेळ अन् दिशा मांडली, काम झालं. शुक्रानं बांध कोरला म्हनून तक्रार, अन् मोजनीची साखळी कोनी टाकली नाही!”

“रडारवर काऊन नाही आलं मग?” गजू.

“गुरू ६० कोटी किलोमीटरवर होता. रडारनं आवाज देऊन पाय, उत्तराले तासावर वेळ लागन.”

मग साहेबांनी कट्ट्यालाच कामाला लावलं. विजेच्या खांबाला पाठ टेकवायची, गच्चीच्या कोपऱ्याशी दिवा जुळवायचा. नुसत्या अंधारात एका ठिपक्याकडे टक लावली की तो आपोआप सरकू लागतो. डोळ्याचा खोटेपणा, दुसरं काही नाही. घड्याळात मिनिट लिहायचं. होकायंत्र जीपच्या बॉनेटवर ठेवायचं नाही, लोखंडानं सुई फिरते. उंचीसाठी हात ताठ, मूठ बंद: एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. दीड मूठ पश्चिमेला सरकायला तास लागला, तर आभाळच फिरतंय. आठ दिवसांनी तोच दिवा त्याच जागी अर्धा तास आधी आला, तर तारा किंवा ताऱ्यांच्याच चालीनं सरकणारा ग्रह. थेट आपल्याकडे येणारं विमान मात्र सोनेगाव विमानतळाच्या दिशेनं मिनिटभर जागचं हलत नाही. तिथं घाई करायची नाही; वळलं की लाल-हिरवे दिवे दिसतात.

“शुक्र मध्यरात्री डोक्यावर दिसला म्हने कोनी,” साहेब म्हणाले, “तर त्याच्या ग्लासात पाय. सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे तो जातच नाही.”

गजूनं हिरिरीनं हात ताठ केला, मूठ वळली. “माही मूठ मोठी हाय. बारा अंश तरी धरा.”

“धरू ना. पन नक्की कसं सांगाव? उघडून कोनी पाह्यली हाय ती, पोह्याचे पैसे द्याच्या वेळी?”

पोहेवाला सगळ्यात मोठ्यानं हसला. त्याची तीन महिन्यांची उधारी होती.