‘मोठं मूल जीव लावत नाही’ म्हणणाऱ्यांना

दत्तक घेऊ पाहणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. पहिल्या तीन वर्षांत आईची माया मिळाली नाही, तर मूल आतून कायमचं मोडतं. आईची जागा कुणीच घेऊ शकत नाही. म्हणून घ्यायचं तर तान्हंच घ्या, मोठं मूल जीव लावत नाही. आणि घेतलंच, तर नातेवाइकांपासून लपवा. हे वाचून सहा वर्षांच्या मुलाचा विचार करणारं जोडपं मागे फिरतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘कायमचं मोडतं’. डिसेंबर १९८९मध्ये रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता कोसळली आणि तिथल्या अनाथालयांची अवस्था जगासमोर आली. ओळीने पाळणे, अपुरी माणसं, रडलं तरी कुणी येत नाही. पुढे बुखारेस्टमध्ये अशा १३६ बालकांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांना पालक-कुटुंबं, म्हणजे त्यांना आपल्या घरी सांभाळणारी कुटुंबं, देण्यात आली. कुटुंबात गेलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांचं, ती साडेतीन वर्षांची होईपर्यंत, सांभाळणाऱ्या माणसाशी सुरक्षित नातं जुळलं होतं. उरलेल्या गटात ते सहातल्या एखाद्याच मुलाचं जुळलं. जखम खोल असते आणि मूल जितकं लवकर घरात येईल तितकं बरं, हे अगदी खरं. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या रोमानियन मुलांपैकी सहा महिन्यांहून जास्त काळ संस्थेत काढलेल्या अनेकांना मोठेपणीही त्रास राहिला. पण त्यांच्यातल्याच साधारण पाचव्या हिश्श्याला मोठा त्रास कधी झाला नाही, आणि बुद्धीतली सुरुवातीची पिछाडी बहुतेकांनी तरुणपणापर्यंत भरून काढली. ‘अवघड’ आणि ‘अशक्य’ यांत एका मुलाचं आख्खं आयुष्य मावतं.

‘आईची जागा कुणीच घेऊ शकत नाही’. ग्लासगोमध्ये साठ तान्ह्या मुलांवर अभ्यास झाला, तो १९६४मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातली बहुतेक मुलं एकाहून अधिक माणसांना बिलगत होती. बाबा, आजी, आजोबा, मोठं भावंड. बाळाने साद घातली की ओ देणारं माणूस त्याचं होतं. आजीच्या कुशीत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘जीव लावत नाही’. माझी मुलगी साडेपाच वर्षांची असताना घरी आली. पोळीचे तुकडे ती उशीच्या अभ्र्यात लपवायची. सासूबाईंनी तिचा हात पोचेल अशा फडताळात चुरमुऱ्यांच्या लाडवांचा डबा ठेवला आणि तो कधी रिकामा होऊ दिला नाही. अभ्र्यातले तुकडे हळूहळू थांबले. रस्त्यात ती कुणाचंही बोट धरून निघायची. लोक म्हणायचे, “किती लाघवी!” मला धस्स व्हायचं. आपलं माणूस कोण हेच ठाऊक नसलेलं मूल सगळ्यांकडे जातं. मग जवळ आल्यावर ते चावतं, ढकलतं, ‘तू माझी आई नाहीस’ म्हणतं. हाकलून देतात का, हे ते पाहत असतं. त्या दिवशीही रोजच्याच वेळी जेवायला वाढायचं असतं.

‘नातेवाइकांपासून लपवा’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. मुलाचा भूतकाळ त्याचा आहे, तो गावभर करू नये. पण कसं वागायचं हे घरच्यांना सांगावंच लागतं. पहिले काही महिने भरवणं, लागलं-खुपलं पाहणं, झोपवणं आई-बाबांनीच करावं. काका-मावशीने खाऊ आणला तर “आईकडून घे” म्हणावं. ‘आम्ही नेलं तर जाशील का?’ ही थट्टा बंद. शेजारणीने आईला तासभर झोपू द्यावं. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. अत्यंत बिकट घरांतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची, माणसं जोडणारी झाली. त्यांच्यामागे बहुतेकदा आजी, शेजारी किंवा शिक्षक असं कुणीतरी टिकून उभं होतं. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा महिनोन् महिने झोपत नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ हवेतच. पण उपचाराच्या तासानंतर ते घरीच येतं.

आणि हा मजकूर भाचराला वाढवणाऱ्या मावशीलाही घाबरवतो. तिच्यासारख्यांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, तिच्यातून मुलामागे दरमहा अनुदान मिळतं. अर्जासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी.