औषध नवं, गट तोच

उत्क्रांती म्हटलं की आपल्याकडे गप्पा थेट माकडावर जातात. "मग आताची माकडं माणूस का होत नाहीत?" हा प्रश्न देवगडपासून दापोलीपर्यंत कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळेल. (आजचं माकड आपला आजोबा नव्हे, लांबचा चुलतभाऊ. दोघांचे पूर्वज एक. आपल्या परसातली केळी नेतो म्हणजे भाऊबंदकीही रीतसर चालू आहे.)

माझं म्हणणं एवढंच, की आंबा बागायतदाराने माकडाचा नाद सोडून मोहोरावरच्या तुडतुड्याकडे, म्हणजे रस शोषणाऱ्या त्या बारक्या किडीकडे बघावं.

फवारलेलं औषध तुडतुड्याला लागू पडेनासं झालं की आपली निदानं दोन. एक, माल डुप्लिकेट होता. दोन, "किडीक आता सवंय झाली." डुप्लिकेट माल असतो, नाही म्हणत नाही. पण सवय? फवारा बसला की तुडतुडा मरतो नाहीतर वाचतो, सवय लावून घ्यायला त्याला सवड कुठे? खरी गोष्ट अशी की लाखो तुडतुडे एकसारखे नसतात. एखाद्याच्या अंगात विषाचा निचरा जरा लवकर होतो, एखाद्यात विष जिथे लागायचं ती जागाच थोडी वेगळी असते. हा फरक फवारणीच्या आधीपासूनचा, औषधाने आणलेला नव्हे. आपण पंप मारतो, बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढची पिलावळ यांचीच होते. परत तेच औषध मारलं की परत यांचंच फावतं. किडा एकही बदलत नाही, जमात बदलते. डार्विनने १८५९ साली मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच, फक्त इथे निवड करणारा पंप आपल्या खांद्यावर असतो.

यात नवीन काही नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सॅन होजे नावाची खवलेकीड चुना-गंधकाच्या फवाऱ्याला दाद देईना, हे कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी १९१४ साली लिहून ठेवलंय. डीडीटी हे कीटकनाशकही तेव्हा वापरात नव्हतं!

आणि आपला हापूस? तो आहे तिथेच. कलम म्हणजे मूळ झाडाचीच फांदी, त्यामुळे बागेतली शंभर झाडं आतून जवळपास एकच. किडीच्या एका हंगामात पिढ्या होतात, कलमाची पिढी पुढे सरकतच नाही. फरक हवा तर बाठीतून उगवलेल्या झाडाकडे जावं लागतं. वेंगुर्ल्याचा रत्ना आंबा नीलम आणि हापूसच्या संकरातून आला तो असाच. म्हणून बांधावरचा रायवळ, म्हणजे बाठीतून आलेला साधा आंबा, लाकडाच्या भावात देणाऱ्यांचा मला राग येतो. कुठल्या रायवळात काय दडलंय, कोणी तपासलंय?

२०२३ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, तेव्हा १,८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत धडा आहे, पण तो शिकवताना मास्तर पोरांना शेजारच्या बागेत नेतील तर शपथ.

दुकानदार "तात्यानू, ह्या नवीन इलासा" म्हणाला की बाटलीवरचं मोठं नाव सोडा, खालचा घटक वाचा. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम हे घटक वेगळे असले तरी एकाच गटातले, म्हणजे किडीला एकाच तऱ्हेने मारणारे. डेल्टामेथ्रिन आणि लॅम्डा सायहॅलोथ्रिन हेही तसेच, दोघे मिळून दुसऱ्या एका गटातले. कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकात पालवीपासून फळापर्यंत एकच औषध नसतं, ते उगाच नाही. वहीत गेल्या वर्षीची फवारणी गटासकट लिहिलेली असेल तरच या वर्षी गट बदलता येईल.