‘नवा जीसीसी बिघडलाय’ म्हणे!

लिनक्सवाल्यांच्या ग्रुपांवर एक ‘रामबाण’ मेसेज फिरतोय. सोर्समधून पॅकेज बिल्ड करताना, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवताना, अडलं तर काय करायचं? नवा जीसीसी (कोडचा प्रोग्राम बनवून देणारा कम्पायलर) बिघडलेला आहे, जुना टाका. लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा तयार कोड) सापडत नसेल तर असेल त्या व्हर्जनला सिमलिंक मारा, म्हणजे हव्या नावाने त्याच्याकडे नुसतं बोट दाखवा. परमिशनची कुरकुर आली की सगळं सुडोने, म्हणजे ‘रूट’ या सर्वाधिकारी यूजरच्या हक्काने, चालवा. ‘किल्ड’ किंवा ‘इंटर्नल कम्पायलर एरर’ दिसलं तर तो कम्पायलरचा बग समजा. परवा भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, यातलं आधी काय करू?”

काहीच करू नकोस, म्हटलं.

जीसीसीचं आधी बघू, कारण त्यात थोडं तथ्य आहे. काल बिल्ड होणारा प्रोग्राम डिस्ट्रो (उबंटू, फेडोरासारखं लिनक्स) अपग्रेड केल्यावर होत नाही, हे खरंच घडतं. पण प्रत्येक वेळी कारण लिहून ठेवलेलं असतं. २०२० मध्ये जीसीसी १० आला. जुन्या सी कोडमध्ये हेडरमध्येच (अनेक फायलींनी वापरायच्या घोषणांच्या फायलीत) ‘इंट डीबग;’ लिहून मोकळं व्हायची सवय होती. ते हेडर पाच फायलींनी घेतलं की पाच व्याख्या होतात. आधी त्या गुपचूप एकत्र केल्या जायच्या, १० पासून लिंकर (कम्पाइल झालेले तुकडे जोडणारा) ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून थांबतो. दुरुस्ती किती? हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ हा एक शब्द, आणि खरी व्याख्या कुठल्या तरी एकाच फायलीत. फारच घाई असेल तर कम्पायलरला जुन्यासारखं वागायला सांगणारा ‘-एफकॉमन’ फ्लॅग आहेच.

२०२४ चा जीसीसी १४ जास्त बदनाम झाला. फंक्शन आधी घोषित न करता वापरलं तर तो वॉर्निंग न देता थेट एरर देतो. ही मुभा सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणातच काढून टाकली होती, म्हणजे कम्पायलरने २५ वर्षं सांभाळून घेतलं. घोषणा नसली की कम्पायलर समजायचा, हे फंक्शन इंट, म्हणजे ३२ बिटांची पूर्ण संख्या, परत देतं. प्रत्यक्षात ते पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देत असेल तर ६४ बिटांच्या मशीनवर पत्त्याचे वरचे ३२ बिट गळून पडतात. बिल्ड सुरळीत होतं आणि प्रोग्राम कधीतरी भलत्याच ठिकाणी कोसळतो. जुना जीसीसी टाकला की ही चूक बिल्डमध्ये दिसायची थांबते आणि चालत्या प्रोग्राममध्ये दबा धरून बसते.

२०२५ च्या जीसीसी १५ ची गोष्ट वेगळी. त्याने सी २३ हे प्रमाण डिफॉल्ट केलं. तिथे ‘बूल’ हा राखीव शब्द झाला, त्यामुळे स्वतःचा ‘बूल’ टाइप बनवणारा जुना कोड अडतो. इथे लेखकाची चूक काढता येणार नाही. पण त्यालाही ‘जीएनयू १७’ स्टँडर्डचा फ्लॅग पुरतो, अख्खा कम्पायलर मागे न्यायची गरज नाही.

सिमलिंकचा उपाय मात्र सरळ घातक. उबंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं ३ व्हर्जन आलं, तेव्हा लोकांनी १.१ च्या नावाने ३ कडे लिंक मारल्या. लायब्ररीच्या नावाच्या शेवटचा तो आकडा शोभेचा नसतो. जुने प्रोग्राम नव्यावर चालणार नाहीत, असा बदल झाला की तो बदलतात. लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) नावाला फसतो, आणि आत सिम्बॉलचं, म्हणजे फंक्शनच्या नावाचं, व्हर्जन जुळत नाही म्हणून प्रोग्राम उघडायलाच नकार देतो.

‘किल्ड’चं थोडक्यात. बिल्डची कामं चालवणाऱ्या मेकला ‘-जे’ देऊन पुढे आकडा दिला नाही तर तो जमेल तितके कम्पायलर एकदम सोडतो. रॅम संपते, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यातल्या एखाद्याचा बळी घेतो. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसेल. ‘-जे २’ करून बघा. इंटर्नल कम्पायलर एरर आली तर तेच बिल्ड पुन्हा चालवा. दर वेळी त्याच ओळीवर पडलं तर बगचा संशय रास्त. दर वेळी वेगळ्याच फायलीवर पडलं तर रात्रभर मेमटेस्ट लावा, रॅमची पट्टी खराब असू शकते.

आता भाच्याचं. त्याने स्क्रीनशॉट पाठवला होता त्यात फक्त शेवटची ओळ, ‘एरर २’. तिच्यावरून ब्रह्मदेवालाही काही कळणार नाही. मेक एकाच वेळी अनेक कामं करत असेल तर एक अडल्यावरही बाकीच्यांचं आउटपुट येत राहतं, आणि खरी तक्रार वर कुठेतरी गाडली जाते. पूर्ण लॉग मागवला, पहिली एरर शोधली: ‘झेडलिब डॉट एच’ सापडत नाही. लायब्ररी मशीनवर होती, तिची हेडर फाइल नव्हती. उबंटूवर हेडर ‘डेव्ह’ शेपटीच्या पॅकेजात येतात, फेडोरावर ‘डेव्हेल’च्या. ते एक पॅकेज टाकायला सांगितलं.

पाच मिनिटांत पुन्हा फोन. “मामा, आता परमिशन डिनाइड!” पठ्ठ्याने माझं उत्तर यायच्या आधीच एकदा ‘सुडो मेक’ मारून ठेवलं होतं. कम्पाइल करायला रूट लागतच नाही, लागला तर शेवटी इन्स्टॉलला. आता अर्ध्या ऑब्जेक्ट फायली (कम्पाइल झालेले तुकडे) रूटच्या मालकीच्या, साध्या मेकला त्यांना हात लावता येईना, आणि तो पुन्हा सुडो लावायच्या बेतात. आधी ‘चाऊन’ने सगळं फोल्डर त्याच्या नावावर करून घेतलं, मग बिल्ड.