वसंतातले प्रवासी पक्षी आणि एक फिरता सल्ला

वसंत आला की एक संदेश फिरायला लागतो: ‘स्थलांतर करणारे गाणारे पक्षी पाहायचेत? अंधार असतानाच घनदाट रानात शिरा, जास्तीत जास्त पटीची दुर्बीण घ्या, मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलवा. आवाज ऐकून नाव अ‍ॅप सांगेलच.’ यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही.

घनदाट रान, तेही अंधारात. वटवटे, माशीमार असे बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात आणि उजाडायच्या सुमारास उतरतात. उतरल्यावर आधी पोट. गार सकाळी किडे पहिल्यांदा हलतात ते ऊन पडलेल्या जागी: रानाच्या पूर्वेकडच्या कडेला, पाण्याजवळच्या झुडपांत, कोवळ्या पालवीवर. म्हणून उजाडल्यानंतरचे तीन-चार तास ऊन पाठीशी ठेवून कडेकडेने चाला. गारठा असेल तर थोडं उशिरा निघालात तरी बिघडत नाही. पन्नासेक पावलं चालून पाच मिनिटं स्तब्ध उभं राहायचं; वारा नसताना पान हललं की नजर तिथे. उंच शेंड्यांवरचे पक्षी पाहायला चढावर उभे राहा. शेंडे डोळ्यांच्या पातळीत येतात आणि मान अवघडत नाही.

हवामानाबद्दल संदेशात अक्षर नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. वारा प्रवासाच्या दिशेने वाहत असेल आणि आभाळ निरभ्र राहिलं, तर बरेच पक्षी वरच्या वर पुढे निघून जातात. तशाच रात्री मध्येच पाऊस आला किंवा वारा उलटला, तर हवेतले पक्षी मिळेल त्या झाडोऱ्यात उतरतात. त्यानंतरची सकाळ चुकवू नका.

जास्त पटीची दुर्बीण. पट वाढली की हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो आणि दिसणारा परिसर आक्रसतो. सेकंदभरात फांदी बदलणारा वटवट्या त्यात सापडायचाच नाही. ८ × ४२ (आठ पट, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर) पुरेशी आहे: हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, आणि ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. १२ × ४२ मध्ये तो साडेतीनवर येतो, म्हणून सावलीत चित्र मंद दिसतं. दुर्बीण आधी जुळवून घ्या. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डावी बाजू स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नेत्रिकेची (डोळ्याला लावायच्या भिंगाची) कडी फिरवा. चष्मा असेल तर नेत्रिकेचे कप खाली. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, एवढं जमलं की अर्धं काम झालं.

आवाज वाजवणं. हे सोडूनच द्या. हा पक्षी चरबी साठवायला थांबलेला असतो, तेच त्याचं इंधन. खोट्या प्रतिस्पर्ध्याला किंवा धोक्याच्या हाकेला उत्तर देताना त्याचा खाण्याचा वेळ जातो, आणि उघड्यावर येऊन तो शिकाऱ्याच्या नजरेस पडतो.

अ‍ॅप. सुगावा म्हणून चांगलं, पुरावा म्हणून नाही. नकलाकार पक्षी त्याला सहज चकवतात. शिवाय अनेक जातींत नर आधी येतात, माद्या काही दिवसांनी, आणि त्या बहुधा गात नाहीत. अ‍ॅप गप्प झालं म्हणून मोसम संपला असं धरू नका; तेव्हा डोळ्यावरची भुवईसारखी रेघ, पंखावरची पट्टी, पायांचा रंग आणि शेपटी हलवण्याची लकब पाहून ओळखायचं.